थ्री-गॅस अ‍ॅनालायझरचा फॅक्टर शिमप्रमाणे बदलावा का?

आमच्या सील्ड क्वेंच फर्नेसमध्ये (तापवणे आणि विझवणे एकाच बंद भट्टीत) ९२५ अंश सेल्सिअसला कार्बुरायझिंग, म्हणजे पोलादाच्या पृष्ठभागात कार्बन मुरवणे, करताना भट्टीतील वायूच्या कार्बन पोटेन्शियलचे (पोलादात किती टक्के कार्बन मुरेल त्याचे) तीन वेगवेगळे आकडे मिळत आहेत. ऑक्सिजन प्रोबचा कंट्रोलर ०.८५ टक्के दाखवतो, थ्री-गॅस अ‍ॅनालायझर (कार्बन मोनॉक्साइड, कार्बन डायऑक्साइड व मिथेन मोजून कार्बन काढणारे यंत्र) १.०२, तर भट्टीत ठेवलेल्या ०.१ मिलिमीटरच्या शिमचे (पोलादाच्या पातळ पट्टीचे) अर्ध्या तासाने वजन केल्यावर ०.९४ येते. एंडो गॅस (भट्टीत सोडला जाणारा वाहक वायू) एलपीजीपासून होत असल्याने कार्बन मोनॉक्साइड २३.४ टक्के आहे, पण कंट्रोलरमध्ये मात्र २० टक्केच भरलेले आहे. प्रोबचा आकडा कमी येण्याचे कारण बहुधा तेच असावे.

खरे कोडे अ‍ॅनालायझरचे आहे. कार्बन डायऑक्साइड ०.१३ आणि मिथेन ०.६ टक्के दिसते. नायट्रोजनवर झीरो (शून्य वाचन) आणि माहीत प्रमाणाच्या कॅलिब्रेशन गॅसवर स्पॅन (वरचे वाचन) तपासला, फिल्टर बदलला, तापमान वेगळ्या थर्मोकपलने पडताळले. सॅम्पल नळीत काजळी धरली असती तर कार्बन डायऑक्साइड वाढून कार्बन कमी दिसला असता. येथे नेमके उलट आहे. शिम बाहेर काढून झटकली तेव्हा त्यावर काजळी नव्हती, एवढे मी स्वतः पाहिले आहे.

भट्टी फक्त रविवारी रिकामी मिळते, त्यामुळे प्रयोगांना फारसा वाव नाही. अशा वेळी आधी कंट्रोलरमध्ये २३.४ भरून मग अ‍ॅनालायझरचा फर्नेस फॅक्टर (हिशेबातला दुरुस्ती-गुणक) शिमशी जुळवावा, की कार्बन डायऑक्साइडच्या इतक्या कमी पातळीवर स्पॅन गॅसच बदलून पाहावा? आणि ९२५ ला जुळवलेला फॅक्टर ८४५ अंशांच्या टप्प्यालाही चालतो का?