मदत हवी आहे : रात्री गुदद्वाराच्या आत अचानक येणारा गोळा

वय ४४, स्त्री. महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या रात्री गुदद्वाराच्या आत, वरच्या बाजूला, जोरात गोळा येऊन झोप मोडते. कोणीतरी आतून मूठ आवळल्यासारखं वाटतं, घाम फुटतो. पाच ते पंधरा मिनिटांत आपोआप जातं आणि मागे काहीच उरत नाही.

आधीच सांगते : रक्त पडत नाही, ताप नाही, वजन उतरलेलं नाही, बद्धकोष्ठताही नाही. सर्जननी तपासलं, दुर्बिणीने आतून पाहिलं. मूळव्याध किंवा फिशर (गुदद्वाराला पडलेली चीर) नाही. निदान ‘प्रॉक्टॅल्जिया फ्यूगॅक्स’, म्हणजे स्नायूंचा पेटका. धोका नाही म्हणाले, पण त्या दहा मिनिटांत जीव नकोसा होतो हो.

कोमट पाण्याच्या टबात बसल्यावर बरं वाटतं, पण गीझर तापून टब भरेपर्यंत कळ ओसरलेली असते. गुडघे छातीशी घेऊन कुशीवर पडणं, उकिडवं बसणं, शौचाला जोर करून बघणं, सगळं केलं. उकिडवं बसल्याने थोडा फरक पडतो. वेदनाशामक गोळीचा उपयोग नाही, ती लागू पडायच्या आत कळ गेलेली असते.

दम्याचा साल्ब्युटामॉल पंप ओढला तर कळ लवकर थांबते असं वाचलं. मला दमा नाही, पण अधूनमधून धडधड होते, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेणार नाही. स्नायू सैल करणारं नायट्रोग्लिसरीनचं मलम नको, त्याने रक्तदाब उतरू शकतो आणि माझा मुळातच कमी असतो.

हेच निदान झालेल्यांनी कृपया सांगा : कळ सुरू झाल्यावर पहिल्या दोन-तीन मिनिटांत, अंथरुणाजवळच करता येईल असं तुम्ही नेमकं काय करता? आणि डॉक्टरांनी पंप दिला असेल तर धडधडीचा त्रास झाला का?