रमजानच्या खाऊबाजारात किती वाजता जावं? उद्याच जायचंय

नितीन_प्र: उद्या रमजानचा खाऊबाजार बघायचाय. ऑफिसातून निघायला आठ वाजतात. नऊला पोचलो तर सगळं मिळेल ना? आई बरोबर आहे. मुसलमान नसलेल्यांनी गेलेलं चालतं का? प्लीज लवकर सांगा.

खवय्या: नऊला तर कुठे सुरुवात होते! मिनारा मशिदीच्या गल्लीत तरावीहची (रमजानमधली रात्रीची) नमाज झाल्यावर खरा रंग चढतो, पार पहाटेच्या सहेरीपर्यंत. मालपुवा आणि फिरनी सोडू नका. गाडी अजिबात नेऊ नका, मशीद स्टेशनला उतरून चालत जा.

मुग्धा: दरवेळी मुंबईच का? पुण्यात कोंढव्याला कौसरबागेत जा की.

खवय्या: कौसरबाग छान आहे, पण मिनाऱ्याची सर नाही.

मुग्धा: तुम्ही गेला आहात का कधी? न जाताच निकाल!

शरदकाका: आईंना मधुमेह असेल तर मालपुवा जपून. पाकात बुडवलेला असतो.

रेवा: अहो, त्यांनी शहरच सांगितलेलं नाही. नितीन, आहात कुठे? आणि आई काय खातात?

नितीन_प्र: क्वालालंपूर. प्रोफाइलमध्ये आहे की! आई शाकाहारी, अंडंही चालत नाही. मधुमेह नाही. वेळेचं सांगा ना कोणीतरी.

रेवा: मग नऊला जाऊ नका, सगळं आवरलेलं असेल. मी तिथे राहिले आहे. मुंबईत लोक रोजा सोडून खायला बाहेर पडतात. क्वालालंपूरला रोजा सोडण्यासाठी घरी न्यायचं जेवण विकत घेतात. त्यामुळे बाजार दुपारी तीन-चारलाच लागतो. सूर्यास्त साडेसातच्या आसपास, आणि चांगल्या स्टॉलवरचं त्याआधीच संपतं. पाचपर्यंत कांपुंग बारू भागात जालान राजा आलांग या रस्त्यावर पोचा, कांपुंग बारू नावाचंच एलआरटी (शहरी रेल्वे) स्टेशन जवळ आहे. कोणीही गेलेलं चालतं. फक्त आजूबाजूला सगळ्यांचे रोजे असतात, तिथेच उभं राहून खाऊ नका, बांधून घ्या.

आईंच्या बाबतीत मात्र सांभाळा. सांबालमध्ये (मिरचीच्या चटणीत) बहुतेक वेळा बेलाचान असतं, म्हणजे आंबवलेला जवळा. नुसती पालेभाजी दिसली तरी विचारून घ्या. मुर्ताबाक (सारण भरलेला पराठा) आणि आपाम बालिक (गोड घावन) यांत अंडं असतं. ओंदे-ओंदे जरूर घ्या: चिकट तांदळाच्या पिठाचे हिरवे गोळे, आत माडाचा गूळ, वरून ओलं खोबरं. उकडीचा मोदक आवडणाऱ्याला आवडणारच. उसाचा रसही मिळतो.

समीर_केएल: रात्रीच जमणार असेल तर जालान टीएआरला (तुंकू अब्दुल रहमान रस्त्यावर) जा, तिथे उशिरापर्यंत गर्दी असते.

रेवा: तो मुख्यतः ईदच्या कपड्यांचा बाजार. त्यांना खायचंय.

समीर_केएल: खायलाही मिळतं हो. बघण्यासारखा तर आहेच.

नितीन_प्र: उद्या अर्धी रजा टाकतो, पाचला कांपुंग बारू. कार्ड चालतं का?

रेवा: सुटे रिंगिट ठेवा. आणि छत्री, तिथे दुपारी उशिरा सर येते.

मुग्धा: खवय्या, शुक्रवारी कौसरबागेत या. मग बोलू.