'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण नेमकी कोणाच्या सोयीची?

काळी माती
माणसाचा स्वभाव आपल्या म्हणींनी जितका अचूक पकडला आहे, तितका फार कमी ठिकाणी सापडतो. 'आपला तो बाळ्या, दुसऱ्याचं ते कार्टं' यातला एक शब्द हलवता येत नाही. 'गरज सरो, वैद्य मरो' म्हटलं की कोणाचा ना कोणाचा चेहरा समोर येतोच. पण निरीक्षण वेगळं आणि सल्ला वेगळा. सल्ला देणाऱ्या म्हणी मात्र तपासून घ्यायला हव्यात, आणि माझ्या मते पहिली तपासावी ती 'झाकली मूठ सव्वा लाखाची'.

तिच्यामागे सांगतात ती गोष्ट अशी. राजा देवळात येणार म्हणून पुजाऱ्याने कर्ज काढून जय्यत तयारी केली. राजाने त्याच्या हातावर टेकवले चार आणे. पुजाऱ्याने मूठ मिटली आणि आत काय आहे ते न सांगता तिचा लिलाव पुकारला. राजाने दिलंय म्हणजे मोठंच असणार, म्हणून बोली चढत गेली. राजाच्या कानावर गेलं तेव्हा अब्रू वाचवायला त्यानेच सव्वा लाख मोजून मूठ घेतली. म्हणजे मूठ उघडली असती तर लाज जाणार होती राजाची! आपण मात्र ही म्हण सांगतो कोणाला? मार खाणाऱ्या लेकीला आणि कर्जात बुडालेल्या भावाला.

मराठवाड्यात बचत गटांचं काम करताना शेतकरी आत्महत्या झालेल्या घरांत जावं लागतं. "सावकाराचं इतकं होतं हे आम्हाला ठाऊकच नव्हतं," हे वाक्य तिथे पुन्हा पुन्हा ऐकलंय. शासनाची १ लाखाची मदत मिळायला कर्ज बँकेचं, गावच्या सहकारी सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं असावं लागतं. कोऱ्या कागदावर अंगठा देऊन घेतलेलं, घरापासूनही लपवलेलं कर्ज त्या बाईने कुठून सिद्ध करायचं?

सुभानराव
ताई, गोष्ट बरोबर सांगितलीत, पण एक विसरताय. सव्वा लाख गेले कोणाच्या घरात? पुजाऱ्याच्याच ना? राजापुढे त्या बापड्याकडे मिटलेल्या मुठीशिवाय होतं काय!

माझी नोकरी विकास सोसायटीत सचिव म्हणून झाली. एखाद्याचं घर अडचणीत आहे ही बातमी फुटली की गाव कसं वागतं, ते जवळून पाहिलंय. दुकानदार उधारी बंद करतो. भावकीतला कोणीतरी जमीन मागायला येतो आणि मागतो तीही पडत्या भावात. मुलीचं जमत आलेलं लग्न फिसकटतं. मूठ उघडा म्हणून सांगणारा संध्याकाळच्या एसटीने निघून जातो, गावात राहायचं असतं त्या माणसाला. पत एकदा गेली की पुन्हा बसवायला हयात जाते. ही म्हण ज्यांनी केली त्यांनी हे सगळं भोगलं असणार.

निशिगंधा
सुभानराव, ती पत टिकवायची किंमत घरात कोण मोजतं, तेही लिहा. माझी आत्या हाताला प्लास्टर घालून माहेरी आली की "जिन्यावरून पडले" म्हणायची. सगळ्यांना कळायचं, आणि आजी हीच म्हण म्हणायची. जोडीला 'पदरी पडलं आणि पवित्र झालं'. त्या मुठीतलं तिला काय मिळालं? अब्रू राहिली ती तिच्या नवऱ्याची.

कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात एक तरतूद आहे, जी आजही खेड्यापाड्यांत फारशी कोणाला ठाऊक नसते. तक्रार त्या बाईनेच करायला हवी असं नाही. शेजारीपाजारी कोणीही या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतं, आणि चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर त्याची जबाबदारी येत नाही. तिला मूठ उघडायची ताकद नसेल तर दुसऱ्याने तिच्यासाठी बोलावं, अशी सोय कायद्यानेच केली आहे. शेजारणीला अडवते ती ही म्हण.

गोदातीर
म्हण टाकून कशाला द्यायची? तिला उत्तर देणारी दुसरी म्हण आपल्याकडे आहेच: 'घरोघरी मातीच्या चुली'. सगळ्यांच्या घरी तेच आहे, मग लपवायचं कोणापासून?

निशिगंधा
आत्याला तीसुद्धा ऐकवली होती. "सगळीकडे असंच असतं, तू काय जगावेगळी?" अशी.

मंगळवेढेकर
मी शेतीतलं सांगतो. 'पडतील स्वाती, तर पिकतील मोती'. ऑक्टोबरच्या शेवटी स्वाती नक्षत्रात पाऊस झाला तर आमच्या काळ्या रानात मालदांडी ज्वारीचं सोनं होतं. इथे ही म्हण शंभर टक्के खरी. तोच पाऊस लातूरकडे काढून ठेवलेल्या सोयाबीनवर पडला की गंजीतच कोंब फुटतात. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात अर्ध्या महाराष्ट्राने हे बघितलं. म्हण खोटी नव्हती, पण ती झाली होती रब्बीच्या रानात. झाकल्या मुठीचंही मला तसंच वाटतं. व्यवहारात, बाजारात, सोयरीक जुळवताना ती कामाची. घरातल्या घरात तीच म्हण वापरली तर नासाडी होणारच.

काळी माती
मंगळवेढेकर, तुमचं म्हणणं मला मान्य आहे, पण सोयरीक जुळवताना मूठ झाकली तर पुढे निशिगंधाच्या आत्यासारखीच गत होते. तेवढं सोडून.

सुभानराव, भावकीची भीती खरीच आहे. चावडीवर उभं राहून सांगा असं मी म्हणतच नाही. बचत गटाच्या बैठकीत दर महिन्याला प्रत्येकीची बचत आणि प्रत्येकीचं कर्ज सगळ्यांसमोर वाचून वहीत मांडतात. पहिले काही महिने बायका कुजबुजत आकडा सांगतात. मग एखादी धीर करून म्हणते, "हे सोडून बाहेरचंही आहे माझ्यावर." आणि लगेच दुसरी, तिसरी. त्यांच्यातल्या कोणाची पत गेलेली मी पाहिली नाही. उलट गटच जामीन राहतो.

आणि २०१४ चा सावकारी नियमनाचा कायदा आहे ना? अवैध सावकाराने बळकावलेली जमीन परत करण्याचा आदेश सहकार खात्याचे जिल्हा उपनिबंधक देऊ शकतात. पण कोणी बोललंच नाही तर ते चौकशी कशाची करणार?

सुभानराव
अर्ज दिल्यापासून निकाल लागेपर्यंतचा काळ तुम्ही धरलेला नाही. सावकार त्याच गावात, त्याच रस्त्यावर. सुनावणीला तारखांवर तारखा. साक्षीला कोणी येत नाही, कारण उद्या त्यांनाही त्याच्याकडेच हात पसरायचा असतो. म्हणून मूठ झाकून ठेवणाऱ्याला मी भित्रा म्हणणार नाही.

निशिगंधाताईंच्या आत्याबद्दल मात्र माझा काही वाद नाही. तिथे गप्प बसणं हा अपराधच.

मला एक विचारायचंय. गट बायकांचे. सात-बारा आणि कर्ज बहुतेक ठिकाणी पुरुषाच्या नावावर. मग त्याने हे बोलायचं कुठे?

काळी माती
याचं उत्तर माझ्याकडे नाही. आमच्या काही गटांत बायका नवऱ्याचं देणंही वहीत लिहायला लागल्या आहेत, पण नवरा स्वतः येऊन बसत नाही. पारावर पुरुष रोज बसतात, तिथे पाऊस निघतो, राजकारण निघतं, स्वतःच्या कर्जाचं कोणी काढत नाही. सोसायटीत तुमच्या टेबलासमोर मात्र माणसं येऊन बोलली असतील. ती कशी बोलती व्हायची, तुम्ही दार लावून घ्यायचात का, घरी सांगायला त्यांना तयार करता यायचं का, हे सविस्तर लिहा. पुढच्या महिन्यात दोन गावांत पुरुषांची बैठक घ्यायचं ठरतंय, तिथे मला याचा उपयोग होईल.