यजमानांच्या घरी राहून भाषा शिकताना : नागपूरकरांचे अनुभव

मी नागपुरातल्या एका शाळेत जर्मन शिकवते. मे महिन्यात आमची नववी-दहावीची मुलं जर्मनीला जाणार आहेत आणि तिथल्या मुलांच्या घरीच राहणार आहेत. पालकसभेत प्रश्न नेहमीचेच येतात : शाकाहारी जेवण मिळेल का, मुलीला वेगळी खोली असेल का, रोज व्हिडिओ कॉल करता येईल का. हे विचारायलाच हवं. पण काही मुलं बोलायला शिकून येतात आणि काही नुसती फिरून येतात, हा फरक या प्रश्नांनी पडत नाही. यजमानांच्या घरात मूल पाहुण्यासारखं बसून राहतं की घरातलं होऊन वावरतं, सगळं त्यावर असतं, असं माझं ठाम मत आहे.

जे गेलेत, ज्यांनी मुलांना पाठवलंय, ज्यांनी परदेशी मूल आपल्या घरी ठेवून घेतलंय, त्या सगळ्यांनी या धाग्यावर लिहा. जर्मनीच हवी असं नाही. वाईट अनुभवही लिहा, त्यांचा उपयोग जास्त होतो. शाळांची आणि संस्थांची नावं मात्र नकोत.

लक्ष्मीनगर, इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी

मी दहावीत श्टुटगार्टजवळच्या एका गावात राहिले. जर्मनची ए-टू पातळी (सुरुवातीची दुसरी पायरी) झाली होती, मार्क चांगले होते, तरी पहिल्या संध्याकाळी टेबलावर काय चाललंय ते काही कळेना. त्या भागातली माणसं घरात श्वाबियन बोली बोलतात आणि ती पुस्तकात कुठेच नसते. त्यात जेवायला पाव, चीज, काकडी, टोमॅटो, सगळं थंड. तिथे बऱ्याच घरांत दुपारी गरम जेवतात आणि रात्री असंच थंड खातात. हे आधी माहीत असलं की मन खट्टू होत नाही.

मला बोलतं केलं ते माझ्या जोडीदारणीच्या, म्हणजे जिच्या घरी मी राहत होते त्या मुलीच्या, आजीने. त्या खालच्या मजल्यावर राहायच्या. एप्रिल ते जून हा तिकडे पांढऱ्या ॲस्परॅगसचा (कोंबांची एक भाजी) हंगाम, २४ जूनला तो संपतो. मातीचे उंच वरंबे करून त्यात वाढवतात, ऊन लागू देत नाहीत, म्हणून तो पांढरा राहतो. आजींनी माझ्या हातात सोलणी दिली आणि दाखवलं : टोकाला हात लावायचा नाही, त्याच्या खालपासून बुडापर्यंत सोलत जायचं, देठ हातावर आडवा टेकवून धरायचा, नाहीतर कटकन मोडतो. सालं फेकायची नाहीत, ती उकळून ते पाणी सूपला वापरायचं. मोठा ढीग होता, दुपार त्यातच गेली. हात कामात असले की समोरचा आपल्या तोंडाकडे बघत बसत नाही, त्यामुळे चुकायची भीती वाटत नाही. मी क्रियापद भलतीकडेच टाकायचे. आजी सोलता सोलता माझंच वाक्य नीट करून परत म्हणायच्या आणि पुढे बोलत राहायच्या. त्यांना कसलीच घाई नसायची. घरातले बाकीचे सगळे आपापल्या वेळापत्रकात धावत असायचे.

तुमच्याकडे उन्हाळ्यात काय करता, असं त्यांनी विचारलं. मी कुरडया सांगितल्या, मग सरगुंडे. काडीवर कणीक कशी वळतात, वाळल्यावर काडी कशी ओढून काढतात, हे सगळं हातवारे करून. त्या उठल्या, पीठ कालवलं आणि लाकडी फळीवरून सुरीने खरवडून उकळत्या पाण्यात श्पेत्सले (त्यांच्याकडच्या जाड शेवया) कसे सोडायचे ते मला करून दाखवलं. मग मीही केले. माझे जाडेभरडे झाले, पण रात्री सगळ्यांनी खाल्ले. त्या रात्री टेबलावर मी पहिल्यांदा कुणी न विचारता बोलले.

प्रतापनगर, मुलाचे बाबा

मी व्यवहाराचं लिहितो. मुलाचा पासपोर्ट काढताना आई-वडील दोघांच्या सह्यांचं परिशिष्ट डी (संमतीचा फॉर्म) लागतं. शेंगेन व्हिसाचा (जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. पण तिथपर्यंत थांबूच नका, उन्हाळ्यात अपॉइंटमेंटच मिळत नाही. बारा वर्षांपुढच्या मुलांना बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. आम्ही दुरांतोने मुंबईला गेलो आणि रात्रीच्या गाडीने परत आलो. व्हिसाची फी जून २०२४ पासून ९० युरो आहे, सहा ते बारा वयाच्या मुलांना निम्मी. प्रवासविमा किमान ३०,००० युरोचा लागतो.

आता फोनचं. रोज फोन करू नका असं शाळेतल्या मॅडमनी सांगितलं तेव्हा घरी वातावरण तापलं होतं. मी वेळेचा हिशोब मांडला. उन्हाळ्यात आपलं घड्याळ जर्मनीच्या साडेतीन तास पुढे. आपण रात्री अकरा-साडेअकराला झोपायच्या आधी फोन लावतो तेव्हा तिकडे साडेसात-आठ वाजलेले असतात. जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे सगळं घर जेवून बाहेर बसलेलं असतं. दिवसभर शाळा आणि नोकरी करून घरातली माणसं एकत्र येतात ती नेमकी याच वेळी. आणि आपलं पोरगं फोन घेऊन खोलीत जाऊन बसणार! आम्ही रोजचा एक मेसेज आणि रविवारी सकाळी फोन असं ठरवलं. रविवारी तिथे दुकानं बंद, सकाळी निवांत असतं. मुलाच्या आईला पहिले दिवस फार जड गेले, हे खरं आहे. तरी मी प्रत्येक पालकाला हेच सांगेन.

कामठी, जपानी शिकणारा

मी शाळेच्या आदानप्रदान कार्यक्रमातून जपानला गेलो होतो. यजमानांच्या घरात आजोबा, आजी, आई-बाबा आणि माझ्या वयाचा मुलगा. बैठकीच्या खोलीत लाकडी कपाटासारखं देवघर होतं, त्याला बुत्सुदान म्हणतात. आत बुद्धमूर्ती आणि घरातल्या गेलेल्या माणसांची नावं. सकाळी आजी त्यापुढे वाटीभर भात ठेवायच्या आणि छोटी घंटा वाजवायच्या. आमच्या घरीही बुद्धमूर्ती आहे, तर मी सहज बाजूला बसलो आणि त्रिशरण म्हटलं. आजोबा बाहेरून आले आणि म्हणाले, पुन्हा म्हण.

मग मोबाईलवर त्यांना आमच्या कामठीचं ड्रॅगन पॅलेस दाखवलं. जपानी मदतीतून उभं राहिलेलं हे बुद्धविहार १९९९ मध्ये खुलं झालं. जपानमध्ये जन्मलेले भदन्त सुरई ससाई कित्येक दशकं नागपुरात राहिले हेही सांगितलं. आजोबांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांनी नकाशावर नागपूर शोधायला लावलं आणि दीक्षाभूमीचं विचारलं. १४ ऑक्टोबर १९५६ ला तिथे काय झालं, बाबासाहेब कोण, हे जपानीत सांगायचं म्हणजे माझी परीक्षाच होती. शब्द कमी पडले तिथे कागदावर चित्रं काढली. पण हे मला सांगायचंच होतं, म्हणून सांगता आलं. शनिवार-रविवारी काय करतोस या पाठ केलेल्या उत्तराला असा जोर येत नाही.

आंघोळीचं लिहून ठेवतो, नवीन मुलांना कामी येईल. आधी टबबाहेर बसून साबण लावून स्वच्छ व्हायचं आणि मगच टबात उतरायचं. तेच गरम पाणी घरातले सगळे वापरतात, म्हणून टबात साबण न्यायचा नाही, पाणी सोडून द्यायचं नाही. पाहुण्याला पहिला मान. सुरुवातीला मलाच आधी पाठवायचे. काही दिवसांनी आईंनी सांगितलं की आजपासून आजोबांच्या नंतर तुझा नंबर. इतका आनंद मला तिथे दुसऱ्या कशाचा झाला नाही.

माझ्यासोबतचा मित्र शाकाहारी होता. मिसो सूपमध्ये (आंबवलेल्या सोयाबीनचं सूप) मांस दिसत नाही, पण त्याचं पाणी बहुधा सुकवलेल्या माशाचं असतं. कोम्बु या समुद्री वनस्पतीचंही करता येतं. त्याने आधी कळवलं होतं, म्हणून त्याच्या घरी तसं करून देत.

बजाजनगर, मुलीची आई

आमचा अनुभव अर्धा कडू आहे. फ्रान्सची सहल एका एजन्सीमार्फत होती. एका घरात एकाच शाळेच्या दोन मुली ठेवल्या. आम्हाला तेव्हा बरंच वाटलं, सोबत राहील म्हणून. दोघी दिवसभर आपसात मराठी-हिंदी बोलायच्या. घरातल्या बाई एकट्या, नोकरीवरून सातला यायच्या, डबा मायक्रोवेव्हमध्ये गरम करून द्यायच्या आणि आपल्या खोलीत जायच्या. त्या वाईट नव्हत्या, पण त्यांच्यासाठी हे खोली भाड्याने देण्यासारखं होतं. भाषावर्गाच्या सहलीत यजमानांना पैसे मिळतात. शाळा-शाळांच्या अदलाबदलीत सहसा मिळत नाहीत, तिथे त्यांचं मूल आपल्याकडे येणार असतं. पैसे घेणारे सगळेच असे असतात असं माझं म्हणणं नाही. पण आपण कशात चाललोय ते आधी विचारा.

मुलीने सोबतच्या शिक्षिकेकडे घर बदलून मागितलं. एजन्सीने दोन-तीनदा टाळलं, शिक्षिकेने पिच्छा सोडला नाही, शेवटी बदललं. दुसऱ्या घरात तीन लहान मुलं. चार-साडेचारला शाळेतून आली की सगळी पाव आणि चॉकलेट खायला बसायची, आणि सर्वांत धाकटा हिच्या प्रत्येक वाक्यात चूक काढायचा. लहान मुलांना भीड नसते, ती तुम्हाला इंग्रजीत सुटू देत नाहीत. बुधवारी दुपारी शाळा नसायची, तेव्हा ही त्यांना खेळायला न्यायची. परत आली तेव्हा तिचं फ्रेंच त्या पोरांसारखं होतं, भराभर आणि भांडखोर. मला फार आवडलं ते.

तर विचारा : एका घरात एकच मूल ठेवणार का? घरात मुलं आहेत का? संध्याकाळी जेवायला सगळे असतात का? घर जमलं नाही तर कोणाला सांगायचं आणि किती दिवसांत बदलून मिळेल? हे लेखी घ्या.

धागा काढणारी

बजाजनगरच्या ताईंचे प्रश्न मी आमच्या पालकसभेच्या कागदावर घेतेय.

भेटवस्तूंबद्दल बरेच जण विचारताहेत. संत्रा बर्फी नागपूरची ओळख आहे, पण जर्मनी-फ्रान्सला नेऊ नका. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून आणायला बंदी आहे, खव्याची मिठाई विमानतळावर काढून घेतात. करवत काठीचा टसर स्टोल द्या, भंडाऱ्याच्या विणकरांचं काम बघून ती माणसं थक्क होतात. सावजी मसाल्याचं बंद पाकीट द्या आणि सोबत तो वापरून काहीतरी करून खाऊ घाला.

खर्चाचंही कुणीतरी विचारलंय. हे सगळ्यांना परवडत नाही आणि मला त्याचं वाईट वाटतं. जर्मन सरकारचा पाश नावाचा उपक्रम २००८ पासून आहे. तुमची शाळा त्यातल्या शाळांच्या जाळ्यात असेल तर निवडक मुलांना जर्मनीतल्या युवा अभ्यासवर्गासाठी शिष्यवृत्ती मिळते. शाळेत विचारा, हुशार पण गप्प मुलांना पुढे करा.

महाल, यजमान

आमच्याकडे ऑक्टोबरच्या सुट्टीत एक जर्मन मुलगा राहून गेला. वाडा जुना, घरात तीन पिढ्या, दार दिवसभर उघडं. तो दार लावून बसायचा. सुरुवातीला आम्हाला वाटलं की बावा, याला आपलं घर आवडलेलं नाही. मुलाने समजावलं की त्यांच्याकडे दार लावणं म्हणजे रुसणं नव्हे, आणि आपण दार न वाजवता शिरतो त्याने तो दचकतो. मग आम्ही दार वाजवायला लागलो आणि तो हळूहळू स्वतःच उघडं ठेवायला लागला.

घरातले सगळे त्याच्याशी इंग्रजीत बोलायचे. फक्त सासूबाईंना इंग्रजी येत नाही. त्या सरळ मराठीतच, आपल्या नागपुरी मराठीत : "काऊन रे, जेवून नाही राहिला?" तो स्वयंपाकघरात त्यांच्याजवळ पाट घेऊन बसायचा. त्या सांभार (कोथिंबीर) निवडायच्या, तोही निवडायला लागला. पुडाच्या वड्या केल्या त्या दिवशी सारण भरून पारी दुमडायचं काम त्याच्याकडे होतं. जाईपर्यंत मीठ, पाणी, अजून दे, बस झालं, गरम आहे, सगळं मराठीत. जेवून झालं की ताट स्वतः घासायला घ्यायचा. सासूबाईंनी एकदाच नको म्हटलं, मग घासू दिलं.

दसऱ्याला त्याने आपट्याची पानं घेऊन गल्लीतल्या प्रत्येक घरी जाऊन सोनं दिलं. आदल्या दिवशी आम्ही त्याला दीक्षाभूमीवर नेलं होतं. इतकी गर्दी, आणि निम्मे लोक पुस्तकांच्या स्टॉलपुढे उभे. एवढी माणसं पुस्तकं विकत घ्यायला येतात का, हे त्याने तिथे आणि घरी येऊनही विचारलं.

पुढच्या ऑक्टोबरात त्याच्या शाळेचा गट पुन्हा येतोय आणि घरं कमी पडताहेत. वेगळी खोली नसली तरी चालते, एक पलंग आणि अभ्यासाला टेबल पुरतं. घरात इंग्रजी न येणारं कुणी असेल तर अशा घरांनी नाव आधी द्यावं. धाग्याच्या ताईंकडे कळवा, त्या आमच्याशी गाठ घालून देतील.