आईवडिलांचा एक्झिमा बाळाकडे येतोच का?

प्रश्न
मला लहानपणापासून एक्झिमा आहे आणि कोपराच्या लवणीतली त्वचा अजूनही अधूनमधून फुटते. यजमानांना त्वचेचा त्रास नाही, मात्र दमा आहे. आमच्या दोन महिन्यांच्या बाळाच्या टाळूवर पिवळसर, तेलकट खपल्या आल्या आहेत. हा एक्झिमा समजावा का? आतापासून रोज मॉइश्चरायझर लावल्यास तो टळेल का? बाळ अंगावर पिते, म्हणून मी दूध-अंडी सोडावीत असा घरच्यांचा आग्रह आहे. तो कितपत योग्य आहे?

प्रतिसाद १
अशा तेलकट खपल्या बऱ्याच तान्ह्या बाळांना येतात, त्यांना फारशी खाज नसते आणि त्या बहुधा काही महिन्यांत आपोआप जातात. एक्झिमाची खरी खूण म्हणजे खाज. बाळाला नीट खाजवता येत नसल्याने ते गाल चादरीवर किंवा तुमच्या खांद्यावर घासत राहते आणि झोपेत चुळबुळ करते. गाल व हातापायांच्या बाहेरच्या बाजू कोरड्या, खरखरीत होतात. लंगोटाखालची त्वचा मात्र ओलसर राहत असल्याने बहुतेक वेळा वाचते. सावळ्या त्वचेवर लाली सहज दिसत नाही, म्हणून नजरेपेक्षा हाताच्या स्पर्शावर अधिक भिस्त ठेवावी.

प्रतिसाद २
आनुवंशिकतेविषयी थोडे. वारशाने येतो तो आजार नव्हे, तर त्याकडे असलेला कल. त्वचेचा बाहेरचा थर घट्ट ठेवणाऱ्या फिलॅग्रिन या प्रथिनाच्या जनुकातील दोषांचा एक्झिमाशी असलेला संबंध २००६ मध्ये स्पष्ट झाला. हे प्रथिन कमी पडले की त्वचेतला ओलावा निसटतो आणि बाहेरचे त्रासदायक घटक आत शिरतात. तरीही असा दोष असलेल्या अनेकांना एक्झिमा कधीच होत नाही, आणि एक्झिमा असलेल्या अनेक मुलांत हा दोष सापडत नाही. आईवडिलांपैकी एकाला असल्यास शक्यता वाढते, दोघांना असल्यास आणखी वाढते. दमाही याच प्रवृत्तीतला खरा, परंतु बाळाच्या एक्झिमाच्या दृष्टीने तुमचा स्वतःचा एक्झिमा यजमानांच्या दम्यापेक्षा अधिक वजनाचा आहे.

प्रतिसाद ३
मॉइश्चरायझरबद्दल मलाही पूर्वी मोठी आशा वाटत असे. मात्र ब्रिटनमध्ये अशाच घरांतल्या १,३९४ बाळांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, वर्षभर रोज ते लावूनही दोन वर्षांच्या वयात एक्झिमाचे प्रमाण कमी झाले नाही. उलट त्वचेचे संसर्ग किंचित वाढलेले दिसले. त्वचा कोरडी दिसली तर जरूर लावावे, पण प्रतिबंधक उपाय म्हणून त्यावर विसंबू नये. एक्झिमा झाल्यावर तेच उपचाराचा पाया असते, हा भाग वेगळा.

आईने दूध-अंडी सोडल्याने बाळाचा एक्झिमा टळतो याला भक्कम आधार नाही आणि पोषण मात्र नक्की घटते, तेव्हा सोडू नयेत. वरचे अन्न सुरू झाल्यावरही शेंगदाणा टाळत बसू नये: २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, तीव्र एक्झिमा किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या बाळांना तो लवकर दिल्याने त्याची ॲलर्जी बरीच कमी झाली. अख्खा दाणा घशात अडकू शकतो, म्हणून तो बारीक कूट करून अन्नात मिसळूनच द्यावा. आणि तोवर बाळाला तीव्र एक्झिमा झालाच, तर पहिला घास देण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.