अमेरिकी कोळसा : कायद्याने मारला की गॅसने?

"अमेरिकेतला कोळसा पर्यावरण कायद्यांनी मारला" हे मत मला अर्धंच पटतं. ओबामांच्या 'क्लीन पॉवर प्लॅन'ला (वीजकेंद्रांच्या कार्बन उत्सर्जनावर मर्यादा घालणारे नियम) सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2016 मध्येच स्थगिती दिली. तो कधी अमलात आलाच नाही. तरी त्यात 2030 साठी ठरवलेली उत्सर्जनकपात वीजक्षेत्राने 2019 च्या सुमारास गाठली. कारण साधं : शेल गॅस, म्हणजे शेल खडकातून काढलेला नैसर्गिक वायू, स्वस्त झाला. 2005 साली निम्मी वीज कोळशावर होत होती, 2020 मध्ये पाचवा हिस्साही उरला नाही. पाऱ्याच्या उत्सर्जनावरच्या नियमांनी कोळशावरच्या जुन्या वीजसंचांचा खर्च वाढवला हे खरं, पण मूळ घाव गॅसच्या भावाचा.

खरा कायदेशीर पेच मला वेगळाच वाटतो. 1977 च्या कायद्यानुसार खाण संपल्यावर जमीन पूर्ववत करणं कंपनीवर बंधनकारक आहे आणि त्यासाठी आधी हमी द्यावी लागते. काही राज्यांनी मात्र मोठ्या कंपन्यांना 'सेल्फ बाँडिंग'ची मुभा दिली, म्हणजे तारण काही नाही, नुसती कंपनीची पत. (ज्याने कर्ज घ्यायचं तोच जामीन!) मग 2015-16 मध्ये अल्फा, आर्च आणि पीबॉडी या बड्या कोळसा कंपन्या ओळीने दिवाळखोरी न्यायालयात गेल्या आणि ती पत कागदावरच राहिली. न्यायालयात सुरक्षित कर्ज देणाऱ्यांचा हक्क आधी येतो. मग उकरलेल्या डोंगराची रांग कितवी? नव्या खाणीला परवानगी देताना हमी रोख किंवा बँकेची घेतली, तर कोळशाचा खरा भाव तिथेच कळेल.