रँचरचा संसारही पाहा: कॉनराड कोर्स

अमेरिकेच्या जुन्या पश्चिमेचा विषय निघाला की सगळी चर्चा काउबॉय, घोडे आणि गोळीबारावरच चालते, म्हणून माँटाना राज्यातल्या कॉनराड कोर्स या रँचरबद्दल (रँच म्हणजे गुरं पाळायची मोठी जागा, तिचा मालक तो रँचर) थोडी भर घालतो. जन्म १८३५ चा, आजच्या उत्तर जर्मनीतल्या होल्स्टाइनमधला. सोन्याच्या नादात माँटानाला आला आणि खाणकामगारांना मांस विकता विकता गुरांच्या धंद्यात शिरला. १८६६ मध्ये तिथल्याच डिअर लॉज गावचा रँच घेतला, १८६८ मध्ये ऑगस्टाशी लग्न केलं.

खरा कस लागला तो १८८६-८७ च्या हिवाळ्यात. आधीचा उन्हाळा कोरडा गेलेला, कुरणं खुरटलेली. त्यात बर्फाचा वरचा थर वितळायचा आणि पुन्हा दगडासारखा गोठायचा. गुरांना खालचं गवत उकरता येईना, त्या धारदार पापुद्र्याने पाय सोलून निघत. मोकळ्या रानातल्या एवढ्या जनावरांना पुरेल असा साठवलेला चारा होताच कुठे? कित्येकांचं दिवाळं निघालं. कोर्सला मात्र एका बँकरने १ लाख डॉलर कर्जाऊ दिले आणि ते त्याने फेडले. माझ्या लेखी त्याची खरी कमाई म्हणजे ही पत.

दोन मुली, एक मुलगा. मुलगा विल्यम १९०१ मध्ये कॉलेजात शिकत असतानाच गेला. कोर्स १९२० मध्ये वारला. ऑगस्टा थेट १९४५ पर्यंत, ९६ वर्षं जगली. पुढे रँच नातवाने, कॉनराड वॉरनने, सांभाळला आणि नंतर तो अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान विभागाकडे गेला. घर, गोठे, गुरं आजही तिथे जाऊन पाहता येतात.